सकाळी अकराची नोंद आणि पहाटेची बुरशी : एका ग्रंथभांडाराचे प्रकरण

हे ग्रंथालय एका शिक्षणसंस्थेचे आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. इमारत दोन मजली, वर वाचनकक्ष आणि खाली ग्रंथभांडार. भांडाराची जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा थोडी खाली. त्याची एक लांब भिंत बाहेरची, आणि जागा वाचवायची म्हणून पोलादी रॅकची अख्खी रांग त्या भिंतीला चिकटवून उभी केलेली. दोन्ही मजल्यांना मध्यवर्ती वातानुकूलन. छत गळत नव्हते, भिंतीवर ओलीचे डाग नव्हते, पाइप फुटल्याची नोंद नव्हती. कागदोपत्री पुस्तकांसाठी ही चांगली जागा होती.

तक्रार आली ती भांडारात काम करणाऱ्यांकडून. सकाळच्या पाळीत शिंका, डोळ्यांची जळजळ, चोंदलेले नाक. दुपारनंतर त्रास कमी आणि सुट्टीच्या दिवशी अजिबात नाही. दार उघडताना कुबट वास यायचा, तासाभरात जायचा. निदान खरे तर या वेळापत्रकातच होते, पण ते पुढे.

दरम्यान एका वाचकाने मागितलेला जुना संदर्भखंड काढताना मदतनिसाच्या हाताला पांढरी भुकटी लागली. पुस्तकाचा कणा स्वच्छ होता. समोरून पाहिले तर पूर्ण रांग नुकतीच पुसल्यासारखी दिसत होती. बुरशी होती ती मागे, भिंतीकडे तोंड केलेल्या कडेवर. पुठ्ठ्यावरच्या गडद कापडावर करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची वर्तुळे, कुठे सुटी, कुठे एकमेकांत मिसळलेली. टॉर्च आडवी धरून भिंगातून पाहिले की बारीक देठांवर टेकलेले गोल माथे स्पष्ट दिसत. मऊ ब्रशचा कोरडा फटकारा मारल्यावर काही ठिपके भुकटीसारखे उडाले आणि काही फरफटून कापडावरच पसरले. उडते ती सुप्त झालेली बुरशी, फरफटते ती ओली, म्हणजे त्या घडीला वाढत असलेली. एकाच पुस्तकावर दोन्ही प्रकार सापडले, याचा अर्थ ओल येऊन-जाऊन होती.

पहिला उपाय आणि पहिला अहवाल

संस्थेने आधी साफसफाई केली. सगळी रांग कोरड्या फडक्याने पुसली आणि जमीन रोज संध्याकाळी जंतुनाशकाच्या पाण्याने पुसायला सुरुवात केली. थोड्याच आठवड्यांत ठिपके परत आले. फडक्याने बीजाणू (बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण) पुसले जात नाहीत, हवेत उडतात आणि शेजारच्या पुस्तकावर बसतात. संध्याकाळी पुसलेल्या जमिनीचे पाणी रात्रभर बंद खोलीच्या हवेत जात होते, ही आणखी भर.

मग हवेची तपासणी करवून घेतली. प्रयोगशाळेच्या माणसाने भरदुपारी येऊन वाचनकक्षातला एक, भांडारातला एक आणि इमारतीबाहेरचा एक असे नमुने घेतले. अहवालात आतली संख्या बाहेरच्यापेक्षा कमी होती. आत सर्वांत जास्त आढळलेली बुरशी क्लॅडोस्पोरियम, जी बाहेरच्या हवेत जगभर सर्रास सापडते. निष्कर्ष : हवा समाधानकारक.

या अहवालात खोटे काहीच नव्हते. तरी तो निरुपयोगी होता, आणि का, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण अशाच अहवालावर बहुतेक प्रकरणे बंद होतात. हवेचा नमुना म्हणजे काही मिनिटांची गोष्ट. कोणी रॅकला हात लावत नसताना बीजाणू स्थिर बसलेले असतात. ढिगाने पुस्तके मागेपुढे होत असताना त्याच खोलीतला आकडा कितीतरी पटींनी वर जातो. दुसरे म्हणजे पेट्री डिशमध्ये, म्हणजे नमुना वाढवून मोजण्याच्या उथळ बशीत, उगवतात ते जिवंत आणि तिच्यातल्या माध्यमावर (बुरशीला वाढायला दिलेल्या खाद्यावर) वाढू शकणारे बीजाणू. मेलेले बीजाणू आणि त्यांचे तुकडे मोजणीत येत नाहीत, नाकाला मात्र ते तितकेच झोंबतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुस्तकांवरच्या बुरश्या बहुधा कोरडेपणा आवडणाऱ्या जातींच्या असतात. साध्या, पाणीदार माध्यमावर भराभर वाढणाऱ्या बुरश्या त्यांना झाकून टाकतात, किंवा त्या उगवतच नाहीत. त्यांच्यासाठी ग्लिसरॉल किंवा भरपूर साखर घातलेले माध्यम लागते.

मुळात आकडा आला असता तरी तो कशाशी ताडून पाहायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत हवेतल्या बुरशीची सुरक्षित मर्यादा म्हणून कोणताही आकडा दिलेला नाही. ओल रोखा, एवढेच सांगितले आहे. ‘समाधानकारक’ हा शेरा कुठल्या मोजपट्टीवर दिला, असे विचारल्यावर प्रयोगशाळेकडून उत्तर आले की आतबाहेरच्या तुलनेवर. तुलना जातींची करायला हवी होती. बाहेर क्लॅडोस्पोरियमचे राज्य असताना आत अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचा वाटा मोठा दिसला, तर एकूण संख्या कमी असूनही इमारतीत काहीतरी वाढते आहे असे समजावे.

दुसऱ्या खेपेला सकाळी, पुस्तके मांडण्याचे काम चालू असताना नमुने घेतले. पुस्तकांवरून कापसाच्या बोळ्यानेही घेतले, आणि डीजी-१८ हे ग्लिसरॉलयुक्त माध्यम वापरले. हवेत आणि पुठ्ठ्यावर एकच गट सापडला : अ‍ॅस्परजिलस ग्लॉकस. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवा त्या तापमानाला जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते. ती सत्तर टक्क्यांच्या पुढे सरकली की हा गट हातपाय पसरू लागतो. बहुतेक बुरश्यांना ऐंशीच्या वर लागते. हवेची तपासणी इथवर कामाची. ‘कुठून येते’ याचे उत्तर मिळाले. ‘का वाढते’ याचे उत्तर हवेच्या कुठल्याही बाटलीत नव्हते.

रात्री काय होत होते

ग्रंथपालांच्या टेबलावर आर्द्रतामापक होता आणि ग्रंथपाल मॅडम त्याची नोंद नेमाने ठेवत होत्या : सकाळी अकराला आणि दुपारी चारला. वर्षभराची वही पाहिली. आकडे पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान. कुणीही म्हणेल, उत्तम.

आम्ही डेटा लॉगर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवत राहणारी छोटी यंत्रे, लावले. एक खोलीच्या मधोमध, एक वरच्या मजल्यावर, आणि दोन भिंतीलगतच्या रॅकमध्ये पुस्तकांच्या मागे, जिथे पुस्तक आणि भिंत यांत जेमतेम बोटभर फट होती. दर दहा मिनिटांनी नोंद. पहिल्याच रात्रीचा आलेख पाहिल्यावर बाकीचे लॉगर काढले असते तरी चालले असते.

वातानुकूलन सकाळी सुरू होऊन संध्याकाळी बंद होत असे. वीज वाचवण्याचा हा निर्णय दोन वर्षांपूर्वीचा. दोन्ही मजल्यांना मिळून थर्मोस्टॅट (तापमान पाहून यंत्रणा चालू-बंद करणारे उपकरण) एकच, तोही वर वाचनकक्षात. तिथे माणसांची गर्दी, खिडक्यांतून ऊन. तो कक्ष सुसह्य व्हायचा तर यंत्रणेला दिवसभर जोर लावावा लागे. खाली भांडारात ना माणसे ना ऊन. ते फुकटचे गार होत राहायचे. संध्याकाळपर्यंत तिथली पुस्तके, रॅक आणि भिंत विशीच्या जवळ आलेली असत.

मग यंत्रणा बंद. हवा लवकर तापते, पुस्तके तापत नाहीत. कागदाची भरलेली रॅक म्हणजे मोठे वस्तुमान. तिचे तापमान रात्रभरात दोनेक अंश चढले तर चढले. दरम्यान बाहेरची दमट हवा फटींतून आत येत होती, आणि नुसती झिरपत नव्हती, ओढली जात होती. भांडाराच्या टोकाला स्वच्छतागृह आहे. त्याचा एग्झॉस्ट फॅन चोवीस तास चालू. वातानुकूलन चालू असताना ताजी हवा पंख्याने आत ढकलली जाते, त्यामुळे एग्झॉस्टचा हिशेब जुळतो. रात्री ढकलणारा पंखा बंद आणि ओढणारा चालू. इमारत रात्रभर दारांच्या सांध्यांतून, खिडक्यांच्या चौकटींतून श्वास आत घेत होती.

पहाटेचा हिशेब असा. खोलीच्या मधोमध तापमान २५ अंश, सापेक्ष आर्द्रता ७८ टक्के. या हवेचा दवबिंदू २१ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे २१ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागावर तिच्यातले पाणी जमू लागेल. भिंतीलगतच्या पुस्तकांचे तापमान त्या वेळी २२ अंश. तीच हवा त्या पुठ्ठ्याला टेकते तेव्हा तिथली आर्द्रता ९३-९४ टक्के होते. पाण्याचा थेंब दिसत नाही, हात लावला तर ओलही जाणवत नाही. बुरशीला मात्र ही मेजवानी. त्यात जुन्या बांधणीच्या कापडाला पिष्टाची खळ असते, पुठ्ठा खळीने चिकटवलेला असतो, आणि वर धूळ, जी स्वतः पाणी धरून ठेवते.

सकाळी यंत्रणा सुरू झाली की खोलीची हवा तासाभरात कोरडी. कुबट वास जातो, अकराच्या नोंदीत ५४ येतात. पुस्तकांमागच्या फटीत हवा फिरतच नाही, म्हणून तिथला आलेख दुपारपर्यंत सत्तरीच्या खाली उतरत नव्हता. चोवीस तासांची खोलीची सरासरी काढली तर ती पासष्टच्या आत भरत होती. सरासरीवर विसंबून किती ग्रंथालये स्वस्थ बसली असतील कोण जाणे. इटलीतल्या काही ग्रंथालयांत बंद होणाऱ्या सरकत्या रॅकमधल्या पुस्तकांवर युरोशियम हॅलोफिलिकम नावाची बुरशी सापडली, तेव्हाही खोलीची हवा शिफारशीत बसत होती. रॅकच्या आत, जिथे हवा हलत नाही, तिथले हवामान वेगळे होते.

सकाळी दार उघडणाऱ्या मदतनिसाने आलेख पाहून एवढेच म्हटले, “सर, पहिलं दार उघडताना ते आत ओढलं जातं. मी कितीदा सांगितलं, बिजागरी बघा.” बिजागरी ठीक होती. दार ओढले जात होते ते दाबाच्या फरकामुळे. त्याला कुणी आधी विचारले असते तर एग्झॉस्ट फॅन लॉगर लावण्यापूर्वीच सापडला असता.

आणखी एक बारीक गोष्ट यंत्रणेची माहिती वाचताना कळली. पंखा ‘ऑन’वर ठेवला होता, ‘ऑटो’वर नाही. म्हणजे थर्मोस्टॅटने कंप्रेसर थांबवला तरी पंखा फिरत राहायचा आणि थंड कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) जमलेले पाणी पुन्हा वाफ होऊन हवेत मिसळायचे. तापमान आटोक्यात असूनही आर्द्रता का रेंगाळते, हे अनेक इमारतींत न सुटणारे कोडे या एका बटणापाशी सुटते.

धुरी का नको

व्यवस्थापनाकडे तोवर एका कीटकनियंत्रण कंपनीचा प्रस्ताव आला होता : फॉर्मल्डिहाइडचे फॉगिंग, एका शनिवार-रविवारात काम पूर्ण. सोबत पर्याय म्हणून ओझोन यंत्र. या दोन्ही प्रस्तावांना माझा ठाम विरोध होता.

फॉर्मल्डिहाइड हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते असे सिद्ध झालेल्या द्रव्यांत आहे. कागद ते शोषतो आणि नंतर हळूहळू सोडतो. ज्यांना आधीच शिंका येत होत्या त्यांनाच ते हुंगावे लागणार. ओझोन तर कागदाच्या तंतूंचे ऑक्सिडीकरण करतो आणि रंग फिके पाडतो. बुरशी घालवायला पुस्तकाचे आयुष्य कमी करायचे, हा सौदा मला मान्य नाही. एथिलीन ऑक्साइडने एके काळी जगभरच्या मोठ्या संग्रहांत धुरी दिली गेली. तेही त्याच पहिल्या गटात आहे. धुरी दिली तरी मेलेले बीजाणू जागेवरच राहतात आणि अ‍ॅलर्जी देत राहतात. शिवाय धुरीचा प्रभाव मागे उरत नाही. पहाटेची ९४ टक्के आर्द्रता तशीच असेल, तर दाराखालून आलेले नवे बीजाणू सोमवारपासून कामाला लागतील.

बैठकीत एका सदस्यांनी विचारले, “मग खिडक्या उघड्या ठेवू का? हवा खेळती राहील.” प्रश्न साधा वाटला तरी योग्य होता. बाहेरच्या हवेचा दवबिंदू आतल्या पुस्तकांच्या तापमानापेक्षा जास्त असेल तर खिडकी उघडणे म्हणजे पाणी आत बोलावणे. कमी असेल तर जरूर उघडा. निर्णय दवबिंदूवर घ्यायचा, बाहेर वारा सुटलाय की नाही यावर नाही. दुसऱ्या टोकाचे मतही मांडले गेले : ताजी हवा पूर्ण बंद करा. तेही चालणार नव्हते. वाचनकक्षात माणसे तासन् तास बसतात. ताजी हवा तोडली तर कार्बन डायऑक्साइड साचतो, डोके जड होते. ताज्या हवेची झडप यंत्रणा चालू असतानाच उघडी राहील आणि ती हवा कॉइलवरून कोरडी होऊनच आत येईल, असे ठरले.

केले ते

सर्वांत स्वस्त काम पहिले : एग्झॉस्ट फॅनला टायमर, पंखा ‘ऑटो’वर, संध्याकाळचे ओले पोछे बंद. तेवढ्यानेच पहाटेचा आकडा लक्षणीय खाली आला.

त्यानंतर भांडारासाठी वेगळा थर्मोस्टॅट आणि वाहिनीत वेगळी झडप बसवली, आणि भांडार २४-२५ अंशांवर आणले. यावर ग्रंथपाल मॅडमचा आक्षेप होता, आणि तो अभ्यासातून आलेला होता : थंडाव्यात कागद जास्त टिकतो. खरे आहे. कागदातल्या रासायनिक क्रिया कमी तापमानात मंदावतात. पण ते थंडावा कोरडा असेल तर. दमट हवा आत येणाऱ्या आणि रात्री बंद पडणाऱ्या इमारतीत थंड पुस्तक म्हणजे दव पडायला तयार ठेवलेली जागा. इथे चार अंश गरम असणे जास्त सुरक्षित होते.

रात्रीसाठी दोन डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतले पाणी काढून घेणारी यंत्रे, घेतले. त्यांचे पाणी नळीने थेट मोरीत सोडले. बादलीवर चालणारी यंत्रे बादली भरली की आपोआप थांबतात, आणि ती भरते नेमकी रात्री, कोणी नसताना. भिंतीलगतची रांग पुढे सरकवली, वीतभर मोकळी जागा सोडली, सर्वांत खालचा कप्पा रिकामा केला. यात रॅकची एक रांग कमी झाली. जागेवरून बराच वाद झाला. शेवटी दुय्यम प्रती कमी करून जागा काढली.

पुस्तकांची सफाई यानंतरच. हा क्रम काटेकोरपणे पाळायला लावला, कारण ओली बुरशी पुसायला गेले तर ती कापडाच्या विणीत घुसते आणि डाग कायमचा बसतो. पुस्तकांमागची आर्द्रता पंचावन्नच्या खाली स्थिरावून ठिपके कोरडे, भुकटीसारखे झाल्यावर काम सुरू केले. रांगेभोवती प्लास्टिकचा पडदा, आतली हवा पंख्याने बाहेर, वातानुकूलनाची परतीची जाळी चिकटपट्टीने बंद, नाहीतर बीजाणूंना वाहिनीतून थेट वाचनकक्षाचा रस्ता मिळतो. हेपा फिल्टर (अतिबारीक कणही अडवणारी गाळणी) असलेला व्हॅक्यूम क्लीनर, तोंडाला जाळी बांधून कमी ओढीवर, सोबत मऊ ब्रश. साधा व्हॅक्यूम वापरला तर दोन ते पाच मायक्रॉनचे बीजाणू पुढून आत आणि मागून बाहेर. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे, बंद चष्मा. दमा असलेल्यांना या कामातून वगळले. सत्तर टक्के अल्कोहोल फक्त पोलादी फळ्यांना. पुठ्ठ्याच्या कापडाला लावले तर रंग ओघळतो.

काही पुस्तके सोडून द्यावी लागली. गुळगुळीत कागदाची पाने ओलीने एकमेकांना चिकटली की ती सोडवताना छपाई निघून येते. दुसरीकडे मिळणाऱ्या प्रती बंद पिशव्यांत घालून काढून टाकल्या. एकमेव प्रती वेगळ्या बांधून जतनतज्ज्ञाकडे दिल्या.

वर्षानंतर

लॉगर आता कायम आहेत, टेबलावर नव्हे तर पुस्तकांमागे, आणि महिन्याच्या आढाव्यात सरासरीऐवजी पहाटेचा सर्वोच्च आकडा वाचला जातो. तो साठच्या आसपास राहतो. सकाळच्या पाळीतल्या तक्रारी बहुतेक थांबल्या. एका कर्मचाऱ्याला मात्र जुने खंड हाताळताना अजून त्रास होतो. साफ केलेल्या पुस्तकांतही शिवणीच्या घड्यांत मेलेले बीजाणू राहतातच. त्यांना देवघेवीच्या टेबलाचे काम दिले आहे आणि ते खंड दुसऱ्यांदा साफ करायला घेतले आहेत.

बुरशी परत आली ती एकाच ठिकाणी, कोपऱ्यातल्या खांबाजवळ. तिथला आलेख रात्रीदिवसाला जुमानत नव्हता, पाऊस पडला की दोन दिवस वर चढून बसायचा. खांबाच्या आतून छताचे पाणी नेणारा नळ जातो, इमारतीच्या मूळ नकाशात तो दाखवलेला आहे. नळाचा सांधा झिरपत असावा. तपासणीसाठी खांबाला खिडकी पाडायची परवानगी बांधकाम विभागाकडे मागितली आहे. तोवर त्या खांबाच्या दोन्ही बाजूंच्या रॅक रिकाम्या ठेवल्या आहेत.